एकाच दिवसाचे चार सन

मृग लागला की आमच्या देवळाली प्रवरेत जो तो आभाळाकडे पाहू लागतो. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो हा दिवस, साधारण 7 जूनचा. एके काळी महाराष्ट्रातल्या दप्तरांत नवे वर्ष याच दिवशी सुरू होई, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? त्या सनाला शुहूर सन म्हणत.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा दिवस घ्या. शके 1596, ज्येष्ठ शुद्ध 13. इसवी सन 1674. हिजरी सन 1085. शुहूर सन मात्र 1075! तो अरबी शब्दांत, एकंपासून सुरुवात करून लिहीत: खमस (5) सबैन (70) अलफ (1000).

इसवी सन आणि शक यांतला 78 चा फरक सरळ आहे. दोन्हींचा आरंभ वेगळा, एवढेच. शकाचे महिने चांद्र असले तरी अधिक महिना घालून वर्ष पुन्हा ऋतूंशी जुळवतात. पण शुहूर आणि हिजरी यांतला 10 चा फरक निराळ्या जातीचा आहे. इ. स. 1344 मध्ये दोन्ही सनांचा आकडा 745 हाच होता. मग हे 10 आले कोठून?

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे 354.37 दिवसांचे, त्यात अधिक महिना नाही. शुहूर वर्ष सूर्याचे, सुमारे 365.25 दिवसांचे. दरवर्षी 10.88 दिवसांचे अंतर पडते. 1344 पासून 1674 पर्यंत वर्षे झाली 330. म्हणून 330 × 10.88 = 3590 दिवस. यांना 354.37 ने भागा, उत्तर 10.1 येते. दहा वर्षांचा हिशेब लागला!

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. शुहूर 1075 चे पत्र कोणी हिजरी समजून वाचले, तर ते 1664-65 चे ठरेल, म्हणजे राज्याभिषेकाच्याही आधीचे.

इसवी तारखेवरही डोळे झाकून विसंबू नका. 6 जून 1674 ही तारीख जुन्या, ज्यूलियन गणनेची आहे. समारंभास हजर असलेला इंग्रज वकील ऑक्झिंडेन हीच गणना वापरी, कारण इंग्लंडने ती 1752 पर्यंत सोडली नव्हती. आजच्या गणनेने तो दिवस 16 जून येतो.

शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन मिळतो. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची. तिचा शुहूर सन काढा. मग वरच्या रीतीने हिजरी सनही काढून पाहा. तो 1174 यायला हवा.