डॉक्टर ‘नाही’ म्हणाले, तर कारण विचारा

सातारा जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४१, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ९१ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह, दोन गोळ्या चालू, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ८.९. घोरणं एवढं की यजमान दुसऱ्या खोलीत झोपतात. आहारतज्ज्ञ, जिम, पहाटेचं चालणं सगळं झालं. दर वेळी सात-आठ किलो उतरले आणि वर्षाच्या आत परत चढले. आता त्यांना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायचं होतं. फॅमिली डॉक्टरांनी एका वाक्यात विषय मिटवला: “ऑपरेशन कसलं करताय, आधी तोंडावर ताबा ठेवा.” ताई विचारतात, गप्प बसून त्यांचं ऐकू, की त्यांना न सांगता पुण्याला सर्जनकडे जाऊ?

ताई, दोन्ही नको.

तोंडावर ताबा ठेवा, हे वैद्यकीय कारण नव्हे. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. त्यामुळे परत चढलेल्या किलोंचा सगळा हिशेब तुमच्या स्वभावाच्या खात्यावर मांडणं मला मान्य नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ३७ च्या आसपास येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला निकष ४० चा, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार, असा होता. म्हणजे तुम्ही त्या जुन्या, कडक नियमातही बसता. २०२२ मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो सैल केला: ३५ च्या वर आजार असो वा नसो, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करावा.

आशियाईंना वेगळा आकडा का, याचं एक उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या फोटोसह हे छापून आलं. आपल्याकडे वजनाच्या मानानं चरबी जास्त, म्हणून मधुमेहही लवकर गाठतो.

पण नियमात बसणं वेगळं आणि तुमच्यासाठी योग्य असणं वेगळं. तुमच्या डॉक्टरांच्या नकारामागे न बोललेली चांगली कारणंही असू शकतात. दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? मानसिक आजारावरची काही औषधंही वजन वाढवतात. थायरॉइड शेवटचं कधी तपासलं? मन उदास झालं की रात्री उठून खाणं होतं का? घरच्यांपासून लपवलेलं दारूचं व्यसन? ही माहिती वर्षानुवर्षं घर ओळखणाऱ्या माणसाकडे असते, सर्जनकडे नसते. शिवाय ऑपरेशन छान झालेला रुग्ण फॅमिली डॉक्टरला फारसा दिसतच नाही. दिसतो तो उलट्यांनी आणि अशक्तपणानं बेजार होऊन आलेला. असा एखादा पाहिला की मत बनतं, आणि ते मत अगदीच निराधार नसतं.

आणखी एक वाजवी नकार हल्ली ऐकू येतो: आधी इंजेक्शन घेऊन पाहा. २०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीच्या मात्रेतलं सेमाग्लुटाइड भारतात मिळू लागलं आहे. चाचण्यांमध्ये त्यांनी साधारण १५ ते २० टक्के वजन उतरवलं. शस्त्रक्रियेनं साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. मात्र इंजेक्शन थांबवलं की वजन बहुधा परत येतं. त्यामुळे खर्च किती वर्षं झेपेल, हे आधीच बोलून घ्यावं.

तेव्हा गर्दीची वेळ टाळून जा, मागचे सगळे रिपोर्ट सोबत न्या आणि सरळ विचारा: “डॉक्टर, माझ्या बाबतीत नेमकी अडचण कोणती?” अडचण सांगितली, तर ती दूर करता येते का ते दोघांनी मिळून पाहा. उत्तर पुन्हा तोंडावरच्या ताब्यापाशी आलं, तर एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकतज्ज्ञाकडे) किंवा फिजिशियनकडे चिठ्ठी मागा. थेट सर्जनऐवजी हे मधलं दार मी मुद्दाम सुचवतो. ऑपरेशन झालं काय नि न झालं काय, या डॉक्टरांच्या मिळकतीत सहसा फरक पडत नाही.

सर्जनच्या ‘हो’लाही तितकंच खोदून विचारा. पहिल्याच भेटीत तारीख आणि हप्त्यांची योजना पुढे करणाऱ्याकडून उठून यावं. एंडोस्कोपी नाही, आहारतज्ज्ञ नाही, मानसिक तपासणी नाही, मग घाई कुणाला आहे? स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कायमचा काढतात आणि त्यानंतर छातीतली जळजळ वाढू शकते. ॲसिडिटीचा जुना त्रास असेल तर गॅस्ट्रिक बायपासचा, म्हणजे जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडण्याचा, विचार होतो. चांगल्या केंद्रात महिन्याभरात मृत्यूचा धोका हजारी एक ते तीन असतो. कमी आहे, शून्य नाही. आणि मधुमेह ‘जातो’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या १५० रुग्णांवरच्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे आकडे लक्षात असू द्या. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आलं ते बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांचं, स्लीव्हवाल्यांपैकी २३ टक्क्यांचं आणि नुसत्या औषधांवरच्या ५ टक्क्यांचं. फरक मोठा आहे, पण बहुतेकांना ती पातळी गाठता आली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

आता, न सांगता जाण्याबद्दल. ऑपरेशन पुण्यात होईल, पुढचं आयुष्य गावात जाणार आहे. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या काही दिवसांतच कमी कराव्या लागतात. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं. शाकाहारी असाल तर बी१२ ची आणखी काळजी. बायपासनंतर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. सतत उलट्या होऊन कुणी आलं की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती ग्लुकोजचं सलाईन. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आधी बी१ म्हणजे थायामिनचं इंजेक्शन न देता ते लावलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. ज्या डॉक्टरांना ऑपरेशनच ठाऊक नाही, ते हे कसं टाळणार?

विम्याचंही तेच. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा हृदयरोग यांपैकी एखादा आजार, असं असेल तरच दावा टिकतो. शिवाय डॉक्टरांचा सल्ला हवा आणि ३५ च्या निकषासाठी साधे उपाय करून ते फसले असं दाखवावं लागतं. २०२२ च्या सैल निकषांचा इथे उपयोग नाही. आणि साधे उपाय फसल्याचा पुरावा कुठे आहे? तुमच्याच फॅमिली डॉक्टरांच्या केसपेपरवर, दर वेळी नोंदलेल्या वजनात. त्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवा. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपला का, तेही एजंटच्या तोंडी आश्वासनावर न सोडता लेखी विचारा.

घोरण्याची तपासणी मात्र या निर्णयासाठी थांबवू नका. झोपेत श्वास अडकतो का, ते पाहणारी स्लीप स्टडी हल्ली घरीही करता येते. तीव्र ॲप्निया निघाला तर झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र आधी सुरू करायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणं गरजेचं आहे, आणि ऑपरेशन झालंच नाही तरी सीपॅपनं दिवसा येणारी झोप कमी होऊन सकाळचा रक्तदाबही सुधारू शकतो. स्लीप स्टडीची चिठ्ठी द्यायला तुमचे डॉक्टर नाही म्हणणार नाहीत, तेव्हा पुढच्या भेटीत पहिली मागणी हीच करा.