मरळीच्या अंगावरील व्रण आणि तळ्याचे पाणी

प्रश्न : हिवाळ्यात तळ्यातील मरळ माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून पुढे खोल व्रण होतात. हा रोग पाण्यातून पसरतो का?

उत्तर : वर्णनावरून हा साथीचा व्रणरोग असण्याची शक्यता अधिक वाटते. १९७१ मध्ये जपानमध्ये प्रथम आढळलेला हा रोग १९८८ मध्ये भारतात पोहोचला. त्याचे मूळ ॲफॅनोमायसिस इन्व्हेडन्स या बुरशीसारख्या, परंतु खऱ्या बुरशींत न मोडणाऱ्या जीवात आहे. व्रणातील तंतूंच्या टोकांशी बीजाणू, म्हणजे प्रजननाच्या सूक्ष्म पेशी, गोळा होतात आणि त्यांतून चलबीजाणू बाहेर पडतात. दोन केसासारख्या कशाभिकांच्या साहाय्याने पोहत ते दुसऱ्या माशापर्यंत जातात, खरचटलेल्या त्वचेला चिकटून रुजतात आणि त्यांचे तंतू थेट स्नायूंत शिरतात. मासा न मिळाल्यास चलबीजाणू कवच धारण करून थांबतो, इतकेच नव्हे तर पुन्हा पोहूही लागतो. म्हणूनच रोगी मासा काढून टाकला तरी पाणी लगेच निर्धोक होत नाही. थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावत असल्याने साथ तेव्हाच बळावते. मरळ आणि मृगळ सहज बळी पडतात, सायप्रिनस मात्र बहुधा बचावतो.

तंतू स्नायूंत खोलवर गेल्यावर उपचाराचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे लागण झालेल्या तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्यात सोडू नये, तेथील जाळी कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय अन्यत्र वापरू नये, मेलेले मासे चुना टाकून पुरावेत आणि निदानासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला तत्काळ कळवावे.