दिवाळी कधी आहे, हे संगणकाला कोण सांगणार?

कॉमर्सच्या मुलांचे पालक हल्ली एकच धास्ती घेऊन येतात: सगळं संगणकावर गेलं, आमच्या मुलीला कोडिंग येत नाही, तिचं कसं होणार? त्यांना मी एका क्षेत्राविषयी आवर्जून सांगते.

माल किती भरायचा, उधारी कोणाला द्यायची, हे कारखानदारापासून औषधांच्या वितरकापर्यंत सगळ्यांनाच ठरवावं लागतं. त्यासाठी आकडे जुळवून पर्याय समोर ठेवणारी संगणकप्रणाली म्हणजे डिसिजन सपोर्ट सिस्टिम. १९७१ मध्ये गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या एमआयटीच्या अभ्यासकांनी निर्णयांची फोड केली. ठरावीक नियमांत बसणारे निर्णय यंत्रावर सोपवता येतात. जे अर्धेच बसतात, तिथे यंत्र मदत करतं आणि ठरवतो माणूसच. या दुसऱ्या प्रकारात तुमच्या मुलांना काम आहे.

समजा, सुकामेव्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या डॅशबोर्डवर २०२३ चा ऑक्टोबर आदल्या वर्षीपेक्षा पडलेला दिसतो. नवखा मुलगा लिहील, 'मागणी घटली, खरेदी कमी करा.' पण २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं. गिऱ्हाईक कुठेही गेलेलं नव्हतं, सण पुढे सरकला होता. इथे महिन्यासमोर महिना ठेवून चालत नाही, लक्ष्मीपूजनाआधीचे आठवडे एकमेकांसमोर ठेवावे लागतात. हे ज्याला सुचतं, त्याच्या शब्दाला मालक किंमत देतो. आणि ते सुचायला धंदा कळावा लागतो, नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही.

शिकायचं काय? एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय. पण पाया संख्याशास्त्राचा, आणि बी.एस्सी.ला हा विषय घेणाऱ्यांना आपल्याकडे उगाचच कमी लेखतात. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीला जेईई सक्तीची नाही. त्यांची स्वतःची पात्रता प्रक्रिया आहे. पदवीनंतर आयआयएम कलकत्ता, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय) आणि आयआयटी खरगपूर यांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, मात्र तिथे गणित पक्कं हवं. पहिली नोकरी बहुधा 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह'ची, म्हणजे रोजचे रिपोर्ट काढण्याची असते. पगार बेताचा असतो. त्यातच अडकून राहू नका, कारण साचेबंद रिपोर्ट आता यंत्रच काढू लागलं आहे.

'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिराती पाहून लाखांची फी भरणाऱ्या पालकांची मला फार काळजी वाटते. कर्ज काढण्याआधी एक करा. ओळखीच्या दुकानदाराच्या परवानगीने त्याची वर्षाची बिलं टॅलीतून एक्सेलमध्ये घ्या आणि मुलीला विचारा, कोणता माल पडून राहतो आणि का? स्वयम् पोर्टलवर शिकायला पैसे लागत नाहीत. दोन महिने ती त्यात रमली, तर फीचा विचार करा.