परिचारिकांची अंशकालीन सेवा : तास, वेतन आणि हक्क

रुग्णालयाचे काम दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे सर्व दिवस चालते. परंतु ते चालविणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर पूर्णवेळ सेवा देणे शक्य असतेच असे नाही. लहान मूल, घरातील वृद्धांची देखभाल, स्वतःचे आजारपण किंवा पुढील शिक्षण अशा कारणांनी अनेक प्रशिक्षित परिचारिका मध्येच सेवा सोडतात. त्यांच्या शिक्षणावर झालेला खर्च आणि त्यांनी वर्षानुवर्षे मिळविलेला अनुभव, या दोहोंनाही समाज त्यामुळे मुकतो. ही हानी टाळण्याचा एक मार्ग म्हणून अंशकालीन सेवेकडे पाहिले जाते. ही सेवा कोणत्या अटींवर दिली जाते, यावर तिचे यश अवलंबून असते.

१९७७ ची शिफारस

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ मध्ये परिचर्या कर्मचाऱ्यांविषयी १४९ क्रमांकाचा करार आणि त्याला जोडून १५७ क्रमांकाची शिफारस स्वीकारली. दिवसाचे नेहमीचे काम सलग असावे व ते आठ तासांहून अधिक नसावे, दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची विश्रांती मिळावी, वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा असावी, असे या शिफारशीत सुचविण्यात आले आहे. प्रशिक्षित व्यक्तींनी व्यवसाय सोडून जाऊ नये यासाठी अंशकालीन सेवेची सोय करावी, असेही तीत म्हटले आहे. अशा सेवेच्या अटी पूर्णवेळ सेवेच्या तोडीच्या असाव्यात आणि लाभांची मोजणी, योग्य तेथे, कामाच्या प्रमाणात व्हावी, हे तिचे सूत्र आहे. पुढे १९९४ च्या १७५ क्रमांकाच्या करारात हेच तत्त्व सर्व व्यवसायांतील अंशकालीन कामगारांना लागू करण्यात आले. भारताने हे दोन्ही करार अद्याप मान्य केलेले नसले, तरी सेवाशर्ती ठरविताना मापदंड म्हणून त्यांचा उपयोग होऊ शकतो.

प्रमाणाचे गणित

हे सूत्र व्यवहारात कसे उतरते, हे इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. २००४ पासून लागू झालेल्या तेथील वेतनपद्धतीत पूर्णवेळ परिचारिकेचा आठवडा, भोजनाची सुट्टी वगळून, ३७.५ तासांचा धरला आहे. एखादी परिचारिका आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी साडेसात तास काम करते असे मानल्यास तिचे २२.५ तास होतात. म्हणजे पूर्ण कामाचे ०.६ इतके प्रमाण पडते. तिला त्याच श्रेणीतील पूर्ण वेतनाचे ६० टक्के मिळतात. तासाचा दर मात्र दोघींचा एकच राहतो. रात्रीच्या किंवा रविवारच्या कामासाठी मिळणारी वाढीव रक्कमही त्याच दराने दिली जाते.

रजेचे गणितही असेच आहे. नव्याने रुजू झालेल्या पूर्णवेळ परिचारिकेला वर्षाला २७ दिवसांची रजा आणि ८ सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. हे ३५ दिवस तासांत मांडले तर २६२.५ तास होतात. त्याच्या ०.६ म्हणजे १५७.५ तास अंशकालीन परिचारिकेच्या वाट्याला येतात. तासांत मोजण्याचे कारण असे, की अनेक सार्वजनिक सुट्ट्या सोमवारी येतात आणि एखादीचा सोमवार हा कामाचा दिवसच नसतो. दिवसांवर हिशेब केला तर तिची हानी होते.

याउलट काही गोष्टी प्रमाणात मोजल्या जात नाहीत. पाच वर्षांच्या सेवेनंतर आजारपणात सहा महिने पूर्ण व सहा महिने अर्धे वेतन मिळते. अंशकालीन परिचारिकेलाही तेवढेच महिने मिळतात. रक्कम तेवढी तिच्या स्वतःच्या वेतनाप्रमाणे ठरते. वेतनवाढीसाठी तिचे एक वर्ष हे पूर्ण एक वर्षच धरले जाते. जबाबदारीचेही तसेच आहे. नोंदणी टिकविण्यासाठी दर तीन वर्षांत ४५० तासांचा प्रत्यक्ष व्यवसाय आणि ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण आवश्यक असते, आणि या अटीत पूर्णवेळ व अंशकालीन असा भेद नाही.

जादा कामाबाबत मात्र एक फरक उरतो. अंशकालीन परिचारिकेने ठरल्याहून अधिक काम केल्यास, आठवड्याचे ३७.५ तास भरेपर्यंत तिला साध्या दराने मोबदला मिळतो. दीडपट दर त्यानंतर सुरू होतो.

हक्क मिळण्यास लागलेला काळ

ही समानता इंग्लंडमध्येही सहजासहजी आलेली नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा आरंभ १९४८ मध्ये झाला. परंतु अंशकालीन कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन योजनेतून वगळण्याची प्रथा त्यानंतर अनेक वर्षे चालू होती. या कर्मचाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याने हा स्त्री-पुरुष भेदभाव ठरतो, असा मुद्दा न्यायालयांपुढे आला. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निर्णयानंतर ८ एप्रिल १९७६ पासूनच्या सेवेसाठी दावा करण्याचा मार्ग मोकळा झाला; मात्र नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल केलेला असणे आवश्यक होते. २००० च्या नियमांनी अंशकालीन कामगारांना कमी लेखणारी वागणूक देण्यास मनाई केली. सप्टेंबर २०२१ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळेत बदल मागण्याचा हक्क आरोग्य सेवेतील कर्मचाऱ्यांना मिळाला आहे.

अंशकालीन आणि कंत्राटी

आपल्याकडे या विषयाचा विचार करताना दोन शब्दांतील भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. अंशकालीन हा शब्द कामाच्या तासांविषयी आहे. कंत्राटी हा शब्द नेमणुकीच्या स्वरूपाविषयी. राष्ट्रीय आरोग्य अभियानात अनेक परिचारिका एकत्रित मानधनावर कंत्राटी पद्धतीने काम करतात. त्यांचे तास पूर्ण असतात. नियमित पदाचे लाभ मात्र त्यांना लागू नसतात. अशा नेमणुकीला अंशकालीन सेवेचा न्याय लावता येत नाही, कारण येथे तास कमी झालेले नसून हक्क कमी झालेले असतात.

खासगी रुग्णालयांतील परिस्थितीचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने केला. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे, ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, आणि रजा व कामाचे तास शासकीय सेवेप्रमाणे असावेत, अशा तिच्या शिफारशी होत्या.

ग्रामीण भागात प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तेथील परिचारिकेला लसीकरण, गृहभेटी आणि नोंदी ही कामे दिवसा करावी लागतात, आणि प्रसूती तर घड्याळ पाहून होत नाही. रात्रीचा हा वेळ कोणत्याही हिशेबात आला नाही, तर कागदावरचे तास आणि प्रत्यक्ष श्रम यांत अंतर पडते.

प्रशासनाने पाहावयाच्या गोष्टी

अंशकालीन सेवेचा खर्च रुग्णालयालाही सोसावा लागतो. एका जागेवर दोघी आल्या की प्रशिक्षण दोघींना द्यावे लागते, वेळापत्रक अवघड होते आणि रुग्णाची माहिती एकीकडून दुसरीकडे देण्यास अधिक वेळ लागतो. अनुभवी परिचारिका सेवेत टिकते, हा लाभ या खर्चासमोर ठेवून निर्णय घ्यावयाचा असतो.

म्हणून नेमणुकीच्या आदेशात आठवड्याचे तास स्पष्ट लिहिलेले असावेत. वेतन व रजा कोणत्या प्रमाणात, हे त्यात नमूद असावे. रात्री बोलावल्यास त्याची नोंद कोठे व मोबदला कसा, हेही ठरलेले असावे. पूर्णवेळ सेवेत परतण्याची वाट खुली असावी. पंचायत सदस्यांना आपल्या उपकेंद्राच्या कामाचा आढावा घेताना परिचारिकेच्या प्रत्यक्ष तासांची विचारणा सहज करता येईल. ज्या आदेशात मानधनाचा आकडा आहे पण तासांचा नाही, त्या आदेशाने परिचारिकेचा किती वेळ घेतला, हे कोणालाच तपासता येत नाही.