पाळीबरोबर येणारी खांदेदुखी

भातलावणी, भांगलण, डोक्यावरचा भारा, विहिरीचे पाणी. शेतात राबणाऱ्या बाईचा खांदा दुखला तर आपण कारण शोधत बसत नाही. तेल चोळतो, शेक देतो आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला लागते. पुष्कळदा दुखणे कामाचेच असते. परंतु उजवा खांदा दर महिन्याला पाळीच्या सुमारास दुखत असेल व नंतर थांबत असेल, तर त्याला साधी अंगदुखी समजू नये.

गर्भाशयाला आतून अस्तर असते. त्या अस्तरासारख्या पेशी काही स्त्रियांत गर्भाशयाबाहेर वाढतात. या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना तो असतो. बहुधा तो ओटीपोटात असतो. क्वचित तो श्वासपटलावर, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्यावर आढळतो, आणि तेथे बहुतेक उजव्या बाजूस.

मग खांदा का दुखतो? श्वासपटलाची नस मानेतून निघते. खांद्याकडे जाणाऱ्या काही नसाही तेथूनच निघतात. त्यामुळे दुखणे पडद्याचे, पण कळ येते खांद्यात, मानेत, छातीत किंवा बरगड्यांखाली. खोल श्वास घेताना ती वाढू शकते.

निदानासाठी काय करावे?

१. तीन महिने पाळीच्या व दुखण्याच्या तारखा लिहाव्यात. कोठे दुखले, किती दिवस, हेही लिहावे.

२. तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ‘खांदा पाळीबरोबर दुखतो’ हे स्वतःहून सांगावे. हाडांच्या डॉक्टरांना पाळीविषयी विचारण्याचे सुचेलच असे नाही.

३. सोनोग्राफीत हा विकार बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये कधी दिसतो, कधी नाही. तपासणी निर्दोष आली म्हणून बाई खोटे बोलते असे मानू नये.

४. खात्री बहुधा पोटात दुर्बीण घालून होते. श्वासपटलाचा मागचा भाग यकृताआड असतो. म्हणून तोही पाहावा, अशी विनंती आधीच करावी. कधी छातीतूनही दुर्बीण घालावी लागते.

गोळ्या व शस्त्रक्रिया असे दोन्ही उपाय आहेत. ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत.

सावधान! छातीत एकाएकी कळ येऊन धाप लागली तर तारखा पाहत बसू नये. या विकारात कधी छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस आक्रसते. छातीतील कळ हृदयविकाराचीही असू शकते. ताबडतोब इस्पितळ गाठावे.

गाय कधी फळली याची तारीख आपण भिंतीवर लिहून ठेवतो. घरच्या बाईच्या दुखण्याची तारीख मात्र कोठेच नसते. मार्कच्या शुभवर्तमानातील ती स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित होती. वैद्यांपायी तिचे सर्वस्व गेले होते. प्रभू येशू गर्दीत तिच्यासाठी थांबला आणि तिने त्याला सारे सांगितले. आपणही घरात तेवढे थांबू या.

घरी चर्चेसाठी: आपल्या घरात आई, पत्नी, सून, मुलगी आपले दुखणे मोकळेपणाने सांगू शकते काय?