मिताहाराची संवय

मनुष्याच्या आयुष्यांत संवयीचें सामर्थ्य किती मोठें असतें हें पाहण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. सकाळीं दांत घासावे कीं नाहीं याचा विचार करीत आपण रोज बसत नाहीं. हात आपोआप ब्रशाकडे जातो. जेवणाचेंही तसेंच आहे. आपण किती खातों, केव्हां खातों, चहाबरोबर काय तोंडांत टाकतों, हें पुष्कळदां भूक ठरवीत नाहीं, संवय ठरविते. म्हणून ज्यास आपलें वजन उतरवावयाचें आहे, त्यानें प्रथम आपल्या संवयी तपासून पाहाव्या, हें या लेखाचें सांगणें आहे. या विषयांत आमच्या हातून एक मोठी चूक घडली. तिची हकीकत आधीं सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

तीन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं आमचें रक्त तपासलें, साखर सीमेवर आली असल्याचें सांगितलें, व वजन कमी करण्याचा सल्ला दिला. आम्हीं घाई केली. रात्रीचें जेवण बंद केलें, भात व पोळी सोडली, आणि दुपारीं दोन काकड्या व पेलाभर ताक एवढ्यावर भागविलें. सहा आठवड्यांत सहा किलो वजन उतरलें. शिक्षकांच्या खोलींत आमचें अभिनंदन झालें, आणि वर्गांतही आम्हीं आपल्या निग्रहाचे गोडवे गाइले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं इयत्ता नववींतील एक मुलगी चक्कर येऊन खालीं पडली. चौकशी करतां कळलें कीं, वर्गांतील कोणी तिच्या अंगलटीवरून तिला चिडवीत असत, आणि म्हणून आठ दिवस ती रात्रीं जेवली नव्हती. वसतिगृहाच्या मेट्रनबाई तिला रागें भरूं लागल्या, तेव्हां ती आमच्याकडे पाहून हळूच म्हणाली, "सर, आपणही रात्रीं जेवत नाहीं ना?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें नाताळ येईपर्यंत आमचे सहाही किलो परत आले, व त्यांच्याबरोबर आणखी एक आला. आम्हीं त्या मुलीस चुकीचा धडा दिला होता, आणि तो आमच्या स्वतःच्याही उपयोगीं पडला नव्हता.

असें कां होतें? या प्रश्नावर प्रकाश पाडणारा एक प्रयोग ख्रिस्ती वाचकांनीं विशेषेंकरून लक्षांत ठेवण्याजोगा आहे. दुसरें महायुद्ध चालूं असतां १९४४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसल कीज या शास्त्रज्ञानें तो आरंभिला. त्यांत ३६ तरुणांनीं स्वखुषीनें भाग घेतला. शस्त्र हातीं धरणें यांच्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नव्हतें, म्हणून सैन्याऐवजीं त्यांनीं दुसरी लोकसेवा पत्करिली होती; मेनोनाइट, ब्रदरेन, क्वेकर अशा शांतिवादी मंडळ्यांतले लोक त्यांत होते. युरोपांतील उपासमारीनें गांजलेल्या लोकांस पुन्हां अन्नावर कसें आणावें हें जगास कळावें, म्हणून त्यांनीं आपलीं शरीरें या प्रयोगास दिलीं. चोवीस आठवडे त्यांस नेहमींच्या सुमारें निम्मा आहार देण्यांत आला. त्यांचें वजन जवळजवळ एक-चतुर्थांशानें घटलें. नाडी मंदावली, अंगांत सदा थंडी भरली, स्वभाव चिडखोर झाला, आणि मन रात्रंदिवस अन्नाभोंवतीं फिरूं लागलें. कांहीं जण तर पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले! पुढें पोटभर अन्न मिळूं लागलें तरी कित्येकांची तृप्ति होईना, आणि शरीरांतील चरबी पूर्वीपेक्षां अधिक भरून आली. या प्रयोगाचा विस्तृत वृत्तांत १९५० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

हे तरुण दुबळ्या मनाचे होते असें कोण म्हणेल? आपल्या तत्त्वासाठीं लोकनिंदा सोसणारे ते लोक होते. तरी त्यांच्या निग्रहापेक्षां शरीराचा धर्म बलवत्तर ठरला. एकाएकीं अन्न तोडलें म्हणजे शरीरास तो दुष्काळ वाटतो; तें खर्च आवरतें, भूक वाढवितें, आणि दुष्काळ सरतांच कोठार भरून घेतें. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही कीं, उपासमारीनें उतरविलेलें वजन बहुधा उसनें असतें. दुसरी, स्थूल मनुष्य पाहून "याच्या जिभेवर ताबा नाहीं" असें म्हणणें अज्ञानाचें व अन्यायाचें आहे. आनुवंशिकता, झोंप, कांहीं औषधें, घरची राहणी, अशीं अनेक कारणें त्यांत मिसळलेलीं असतात. जो कोणी वर्गांत दुसऱ्याच्या शरीरावरून हंसतो, तो त्यास मदत करीत नाहीं. अन्न चोरून खाण्यास नाहींतर अन्न टाकण्यास तो त्यास शिकवितो.

तथापि वजनाचा प्रश्न खोटा नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं २४ टक्के व पुरुषांपैकीं सुमारें २३ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याच पाहणींत सुमारें १९ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षां कृशही आढळल्या. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार हे अतिरिक्त वजनाचे सोबती आहेत. मग करावें काय?

संवय कशी जडते याचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतला. तो २०१० सालीं छापून प्रसिद्ध झाला. ९६ जणांनीं प्रत्येकीं एकच लहानशी गोष्ट निवडली, जसें दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणें, आणि ती रोज ठराविक प्रसंगाशीं जोडून बारा आठवडे केली. ती आपोआप घडूं लागण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागतात असें दिसलें. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणखी एक समाधानाची गोष्ट आढळली: एखादा दिवस चुकला तरी संवय मोडत नाहीं. यावरून नियम असा बांधतां येतो: गोष्ट लहान निवडावी, ती रोजच्या एका ठराविक प्रसंगास बांधावी, आणि एक दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावा. चुकलेल्यानें निराश होऊन सर्वच सोडून देणें हा मात्र खरा तोटा होय.

आतां आपल्या घरांतील लहान गोष्टींचा हिशेब करूं. एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारें ५ ग्रॅम, व तिच्यांत २० कॅलरी उष्णता असते. दिवसांतून चार कप चहा व दर कपांत दोन चमचे साखर, असें धरल्यास ४० ग्रॅम साखर चहांतूनच पोटांत जाते. दर कपांतला एक चमचा कमी केला, तर रोज २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम, आणि वर्षाला सात किलोंहून अधिक साखर एका माणसामागें वांचते! पहिले पंधरा दिवस चहा पाणचट लागतो. पुढें जीभ सरावते, आणि मग जुना चहा पाकासारखा वाटूं लागतो.

तेलाचेंही असेंच पाहावें. एक लिटर तेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम असतें, व ग्रॅमला ९ कॅलरी धरल्यास त्यांत ८,००० हून अधिक कॅलरी भरतात. चार माणसांच्या घरांत महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर दर माणशीं रोज सुमारें ३० ग्रॅम तेल पोटांत जातें. तेंच तीन लिटरांत भागविल्यास दर माणशीं रोज ७ ग्रॅमांहून अधिक तेल कमी होतें. यासाठीं कोणाचेंही ताट रिकामें ठेवावें लागत नाहीं. बरणींतून तेल थेट कढईंत न ओततां फोडणीला चमच्यानें मोजून घालणें एवढेंच पुरें. अर्थात् शरीर म्हणजे वाण्याचें खातें नव्हे. कागदावरचा हिशेब त्यांत तंतोतंत उतरत नाहीं. परंतु दिशा मात्र हीच आहे.

तिसरी संवय ताटाच्या मांडणीची. आपल्या महाराष्ट्रीय ताटांत डाव्या बाजूस चटणी, कोशिंबीर व लिंबाची फोड, आणि उजव्या बाजूस भाजी व आमटी वाढण्याची रीत आहे. हल्लीं या डाव्या बाजूस कोशिंबीर नांवापुरती उरली आहे, व मध्यें भाताचा ढीग चढला आहे. काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, कोबी, जें स्वस्त मिळेल त्याची वाटीभर कोशिंबीर करावी. मेथी, चवळी, अंबाडी, शेपू अशी एखादी पालेभाजी असावी. मटकी, मूग किंवा हरभऱ्याची उसळ अथवा घट्ट वरण असावें. आणि मग भूक पाहून भाकरी, पोळी किंवा भात घ्यावा. भाज्यांनीं व उसळींनीं पोट भरल्याची जाणीव पुष्कळ वेळ टिकते. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली खरी, परंतु तीही चार खाल्ल्यास वजन उतरणार नाहीं. जेवणास वीस मिनिटें तरी द्यावीं; पोट भरल्याचा निरोप मेंदूस पोंचण्यास तेवढा वेळ लागतो. हातांत मोबाईल असला म्हणजे तो निरोप ऐकूंच येत नाहीं.

येथें आमच्या वसतिगृहांतील एका चांगल्या नियमाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. "ताटांत कांहीं टाकूं नये" असें आम्ही मुलांस शिकवितों, व तें योग्यच आहे; अन्न हें देवाचें दान आहे. परंतु आधीं भरमसाट वाढून घेऊन मग नियमासाठीं तें संपविणें यांत ना देवाचा मान, ना शरीराचा. पहिल्यानें थोडें घ्यावें. लागल्यास पुन्हां मागावें. घरच्या माउलींसही आमची विनंति आहे कीं, "माझ्यासाठीं आणखी एक घे" हा आग्रह प्रेमाचा असला तरी तो आवरावा. मुलाजवळ बसून दोन शब्द बोलणें हेंही वाढणेंच आहे.

सणांचें काय? नाताळांत करंजी खाऊं नये, दिवाळींत शेजाऱ्यांकडून आलेला लाडू परतवावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. सणाचा दिवस वजन वाढवीत नाहीं. जानेवारी सरेपर्यंत चहाबरोबर उघडला जाणारा फराळाचा डबा वाढवितो. तो डबा गरजूंकडे जावा, किंवा निदान वरच्या फळीवर ठेवावा. त्याच्या जागीं भाजलेले चणे, शेंगदाणे मूठभर, पेरू अथवा केळें दिसेल असें ठेवावें. जें समोर असतें त्याकडे हात जातो. बाटलींतील गोड पेयांत बहुधा १०० मिलिलिटरांस १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. विद्यार्थ्यांनीं बाटलीवरील आंकडे वाचून स्वतः गणित करावें.

पवित्र शास्त्रांत दानीएल व त्याचे तीन सोबती यांची गोष्ट आपण रविवारच्या शाळेंत ऐकली आहे. बाबेलच्या राजाचें मिष्टान्न व द्राक्षारस नाकारून त्यांनीं दहा दिवस शाकान्न व पाणी घेतलें. ही कथा सांगतांना आम्ही एक गोष्ट विसरत होतों. ते उपाशी राहिले नाहींत. त्यांनीं ताट बदललें. ते चौघे मिळून तसें जेवले, व कारभाऱ्यास सांगून, उघडपणें जेवले. आणि दहा दिवसांच्या अखेरीस ते कृश झाले असें शास्त्र सांगत नाहीं. इतरांपेक्षां ते अधिक सतेज व अंगानें भरलेले दिसले. वजनाचा कांटा हें साधन आहे. निरोगी शरीर हें साध्य आहे.

म्हणून एक इशारा. वाढत्या वयाच्या मुलामुलींनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय वजन उतरविण्याच्या खटपटीस लागूं नये. त्यांचें वजन वय व उंची यांच्या तक्त्यावरून पाहावयाचें असतें, आणि पुष्कळदां तें उतरविण्याऐवजीं उंची वाढेपर्यंत स्थिर ठेवणें एवढेंच पुरतें. न्याहारी टाळूं नये, रोज घाम येईपर्यंत खेळावें, व रात्रीं पुरेसें झोंपावें. प्रौढांसाठीं भारतीय तज्ज्ञांनीं कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ठरविली आहे. आणि आठवड्यास अर्धा किलो याहून अधिक वेगानें वजन उतरविण्याचा हव्यास धरूं नये. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं आहार बदलण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

आमचें म्हणाल, तर त्या दिवसापासून आम्ही रात्रीं साडेसातला घरच्यांबरोबर जेवतों. चहांत एक चमचा साखर घेतों, तेल मोजतों, आणि जेवणानंतर अर्धा तास चालतों. गेल्या अडीच वर्षांत चार किलो वजन कमी झालें आहे व साखर सीमेच्या आंत आहे. कोणी अभिनंदन केलें नाहीं, कारण कोणाच्या तें ध्यानांतही आलें नाहीं. त्या मुलीची आम्हीं वर्गासमोर क्षमा मागितली. ती यंदा बारावींत आहे. परवां भेटली तेव्हां तिच्या हातांत डबा होता. तिचें वजन आम्हीं विचारलें नाहीं. ती जेवली कीं नाहीं, एवढेंच विचारलें. "जेवलें, सर," ती म्हणाली.

विद्यार्थिमित्रहो, १५ जूनला शाळा उघडली तर तिचा ६६ वा दिवस १९ ऑगस्टला येतो. तुम्ही प्रत्येकानें घरच्या माणसांशीं बोलून एकच लहान गोष्ट निवडावी, ती वहींत लिहावी, व त्या दिवसापर्यंत चालवून पाहावी. आम्हीही तुमच्याबरोबर एक निवडूं.