मिलिगॅलचा दशांशबिंदू
आपल्या हैदराबादेत १९६१ साली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था स्थापन झाली. गुरुत्वत्वरणातील सूक्ष्म फरकांवरून भूगर्भाचा वेध घेणे, हे तेथील एक कार्य होय. या मोजणीचे एकक गॅलिलिओच्या नावावरून ‘गॅल’ झाले. दर सेकंदास वेगात प्रतिसेकंद एक सेंटिमीटर वाढ, म्हणजे एक गॅल. त्याचा सहस्रांश तो मिलिगॅल. गुरुत्वत्वरण सुमारे ९.८ मीटर, म्हणजेच ९८० गॅल किंवा ९,८०,००० मिलिगॅल.

मिलिगॅलचे मीटरमध्ये रूपांतर करताना पुष्कळ विद्यार्थी हजाराने भागून थांबतात. सेंटिमीटरचे शंभर विसरतात. (आम्ही कलाशाखेचे, आमच्याही हातून हे घडले आहे!) भागावयाचे एक लक्षाने. तीन मीटर वर चढल्यास गुरुत्वत्वरण जवळजवळ एक मिलिगॅलने, म्हणजे ०.००००१ मीटरने घटते. हजाराने भागणाऱ्याच्या हिशेबी मात्र तोच मनुष्य तीनशे मीटरांहून उंच, चारमिनाराच्या पाचपट चढलेला ठरेल!